बटण भाच्याचं, पाय मामाचा

नव्या गाड्यांत गिअरच्या दांड्याजवळ एक बटण असतं. दाबलं की समोर एक हिरवं पान उमटतं आणि 'इको' अशी अक्षरं दिसतात. टाटांच्या २०१४ च्या झेस्टमध्ये इको, सिटी आणि स्पोर्ट असे तीन पर्याय आले, मग पुण्याजवळ रांजणगावात तयार होणाऱ्या नेक्सॉनमध्ये आले, आणि आता ही सोय नसलेली गाडी विकायची म्हणजे शोरूमवाल्याला जरा संकोचच वाटतो. पेट्रोलनं शंभरी ओलांडून काही वर्षं झाली, त्यामुळे लोक त्या पानाकडे मोठ्या आशेनं पाहतात. त्यानं पेट्रोल खरंच वाचतं का, यावर जळगाव जामोदच्या दोन माणसांचं एकमत नाही. योगायोगानं ते एकमेकांचे मामा-भाचे आहेत.

मामा एसटीच्या जळगाव जामोद आगारातून चालक म्हणून निवृत्त झाले. आता शेती करतात, मका आणि कपाशी. भाचा शाळेत शिक्षक आहे आणि नांदुऱ्याला रोज अप-डाऊन करतो. त्याच्याकडे पेट्रोलवर चालणारी एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली गाडी आहे. मे महिन्यात मामांचं बुलढाण्याला जिल्हा कचेरीत काम निघालं, भाचा सुट्टीवर होता, मी मागच्या सीटवर होतो. वाद गाव सुटायच्या आतच सुरू झाला, कारण मामांनी गाडी चालू केली आणि तशीच उभी ठेवली.

भाचा: मामा, निघायचं ना? पाच मिनिटं झाली.

मामा: इंजिन गरम होऊ दे ना बापू. थंड्या इंजिनवर गाडी नाही काढाची.

भाचा: तुमच्या बसला थांबावं लागायचं, कारण ब्रेकच्या टाकीत हवा भरायची असायची. हवा भरल्याशिवाय ब्रेक लागणार नाही, म्हणून थांबणं भाग होतं. हिला ती भानगडच नाही. अर्ध्या मिनिटात निघायचं, पहिले दोन-तीन किलोमीटर जोर द्यायचा नाही, इंजिन चालता चालता तापतं. उभी गाडी तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते, आणि तेवढ्यात जाते शून्य किलोमीटर.

मामांनी यावर उत्तर दिलं नाही, पण सीट बदलली. स्टिअरिंग भाच्याकडे गेलं. पहिला मुद्दा भाच्याचा, हे मी तिथंच मनात नोंदवलं. गाव सुटताच त्यानं बटण दाबलं आणि पान उमटलं.

मामा: हे काय केलं आता?

भाचा: इको. पूर्वी ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून थेट वायर जायची. पाय जेवढा दाबला, तेवढी हवेची झडप उघडायची. आता पेडलखाली सेन्सर असतो. पाय किती दाबला एवढंच तो संगणकाला सांगतो. झडप किती उघडायची ते संगणक ठरवतो. इको लावलं की तेवढाच पाय दाबला तरी झडप कमी उघडते.

मामा: म्हनजे मी चार बोटं दाबलं, तं थो दोन बोटं दाबलं असं समजते?

भाचा: तसंच.

मामा: मंग मी पयलेच दोन बोटं दाबीन! त्यासाठी बटन कायले पायजे?

भाचा: तुम्ही दाबाल हो. पस्तीस वर्षं बस चालवलेला माणूस दाबेल. सकाळी दहाची शाळा आणि पावणेदहाला फाटक लागलेलं, असं असताना मी चार काय, सहा बोटं दाबतो. माझ्या पायाला शहाणपण नाही, म्हणून गाडीला दिलंय.

या विषयावर इतकं प्रामाणिक विधान मी कुठल्याही जाहिरातीत वाचलेलं नाही. इको मोड इंजिनात कुठलीही नवी कला भरत नाही. इंजिन तेच असतं, पेट्रोल तेच असतं, एका लिटरमधली ऊर्जाही तेवढीच असते. बदलतो तो पाय आणि इंजिन यांच्यातला दुभाष्या. उतावळ्या माणसाचा निरोप तो जरा सौम्य करून पोचवतो. मात्र गाडी मंद वाटते म्हणून तुम्ही पाय आणखी दाबलात, तर तोही निमूटपणे झडप उघडतो आणि पानाचा हिशेब संपतो.

मामांच्या बाजूनं इतकं बोलून झाल्यावर भाच्याचं पुढचं म्हणणंही ऐकायला हवं, कारण ते जास्त तांत्रिक आहे आणि जास्त खरंही.

भाचा: पण मामा, पाय हा अर्धाच भाग झाला. ऑटोमॅटिक गाडीत गिअरही संगणक टाकतो. इकोत तो वरचा गिअर लवकर टाकतो आणि खालचा उशिरा. इंजिनाचे फेरे कमी होतात.

मामा: अन् फेरे कमी झाले की काय होते?

भाचा: पेट्रोलच्या इंजिनात झडप अर्धवट बंद असली की पिस्टनला हवा ओढून घ्यायला जोर लावावा लागतो. तो जोर वाया जातो. फेरे जास्त म्हणजे घर्षणही जास्त. तेच काम कमी फेऱ्यांत, झडप जरा जास्त उघडून केलं, तर तेवढ्याच पेट्रोलमध्ये गाडी जास्त पुढे जाते.

मामा: हे तुले बटनानं सांगतलं? आमाले डेपोत सांगत होते. गाडी उचलली की लवकर टॉपमंधी टाकाची, मंग ठेवाची. इंजिन वरडू नाही द्याचं.

इथं वाचकांना एसटीचा एक हिशेब सांगायला हवा. आपण गाडीचं मायलेज लिटरमागे मोजतो, एसटीत ते दहा लिटरमागे मोजतात. त्याला केपीटीएल म्हणतात. बस दहा लिटरमध्ये ४५ किलोमीटर गेली, तर केपीटीएल ४५. दहानं गुणल्यामुळे फायदा असा होतो की लिटरमागे शंभर मीटरचा फरकसुद्धा पूर्ण एका आकड्यानं दिसतो आणि डोळ्यात भरतो. कोणत्या गाडीचा आणि कोणत्या चालकाचा आकडा किती, हे आगारात बघितलं जातं. मामांची सगळी नोकरी अशा आकड्याखाली गेली. आपला पाय काय करतो हे त्यांना कुणीतरी सतत मोजून सांगत होतं. भाच्याला ते सांगणारं कुणी नाही. त्याला फक्त पान दिसतं. दोघांच्या मतभेदाचं खरं मूळ मला इथं दिसतं.

आसलगाव मागे पडलं. पूर्णेवरचा येरळीचा पूल पार केला. पुढे सरकीच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर चालला होता. भाच्यानं समोर पाहिलं, उजवीकडे गाडी काढली आणि पेडल दाबलं. गाडीनं क्षणभर विचार केला, मग गिअर खाली टाकला आणि मग कुठे ओढ घेतली. समोरून येणाऱ्या पिकअपवाल्यानं दिवे मारले.

मामा: आता? आता कोन वाचलं? पेट्रोल का आपन?

भाचा: जागा होती हो मामा.

मामा: जागा होती तं गाडी काहून थांबली? ओव्हरटेक करताना गाडीनं इचार नाही कराचा. थो इचार मांगं असतानीच आपन करून घ्याचा. तुझं पान बंद कर पयले, मंग उजवीकडे काढ.

मामांचं हे म्हणणं मी बिनशर्त मान्य करतो. पेडल तळापर्यंत दाबलं की बऱ्याच गाड्या इको बाजूला ठेवतात आणि सगळी ताकद देतात, हे खरं. पण एएमटीला ती ताकद जमवायला वेळ लागतो. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. दुपदरी रस्त्यावर समोरून गाडी येत असताना १७ मीटर ही लहान गोष्ट नाही. ओव्हरटेक करण्याआधी इको बंद करायचा किंवा हातानं गिअर खाली टाकायचा. यात जळणारं पेट्रोल मोजू नये.

नांदुऱ्याला हमरस्त्यावर १०५ फुटी हनुमान दिसला, तोवर ऊन चढलं होतं. मामांनी एसीच्या जाळीसमोर हात धरला.

मामा: हवा थंडी नाही लागून राहिली.

भाचा: इकोत एसीचा काँप्रेसर जपून चालतो. काँप्रेसर इंजिनवरच फिरतो ना, तोही पेट्रोल खातो.

मामा: पंचेचाळीस डिग्रीत जपून? बापू, विदर्भाच्या उन्हायात एसी जपून चालोनारा मानूस पुन्याचा असन.

भाचा: गाड्यांचं मायलेज मोजतात ते पुण्यातच, मामा. एआरएआयमध्ये.

हे मात्र वाचकांनी नीट लक्षात घ्यावं. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही पुण्याची संस्था १९६६ ची. माहितीपत्रकातला आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. गाडी रोलरवर चालते, ठरलेल्या चढ-उताराच्या वेगानं चालते, जास्तीत जास्त ताशी ९० पर्यंत जाते, आणि एसी बंद असतो. खोलीतलं तापमान २० ते ३० अंशांच्या आत ठेवतात. त्यात लबाडी नाही. सगळ्या गाड्यांना एकाच मापानं मोजायचं तर असंच करावं लागतं. पण तिथं ना नांदुऱ्याचा मे महिना असतो, ना ट्रॉलीवाला. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरावा. आपल्या खिशाचा अंदाज बांधायला वापरू नये.

त्यात आता पेट्रोलही पूर्वीचं राहिलेलं नाही. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे मिश्रणाच्या लिटरमध्ये ऊर्जाच सहा-सात टक्के कमी. प्रत्यक्ष मायलेज किती घटतं ते इंजिनावर अवलंबून असतं, पण इको मोडच्या कमाईवर हे पाणी पडतंच. हे ऐकून मामा खूश झाले, कारण इथेनॉल मक्यापासूनही होतं. 'माहाच मका तुझ्या टाकीत,' ते म्हणाले, 'अन् मलेच पाच मिनिटं इंजिन चालू ठेवू नाही देत.'

मोताळ्यानंतर राजूर घाट लागतो. बुलढाणा जिल्ह्यात माणसाची ओळख घाटाखालचा की घाटावरचा यानं होते. आम्ही तिघंही घाटाखालचे. चढणीला गाडी इकोत वरचा गिअर सोडेना, इंजिन घुटमळू लागलं, भाच्यानं पेडल दाबलं तेव्हा गिअर खाली आला, जरा सपाटी लागताच पुन्हा वर गेला. मामांनी काही न बोलता बटणावर बोट ठेवलं. पान विझलं आणि गाडी एका गिअरमध्ये सुरळीत चढली. घाटात इंजिन योग्य गिअरमध्ये चालणं हीच बचत. घुटमळणारं इंजिन पेट्रोल वाचवत नाही.

खरी गंमत परतीच्या वाटेवर झाली. घाट उतरताना भाच्यानं गिअर न्यूट्रल केला.

मामा: काय करून राहिला!

भाचा: उतार आहे, मामा. गाडी आपोआप चालते. पेट्रोल वाचतं.

मामा: गिअरमंधी टाक. आधी टाक, मंग बोल.

भाच्यानं टाकला. या प्रश्नावर मात्र पेट्रोल आणि जीव, दोन्ही एकाच बाजूला आहेत, आणि तरीही निम्म्याहून जास्त ड्रायव्हर उलटं करताना मी पाहतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत न्यूट्रलची युक्ती थोडंफार पेट्रोल वाचवायची, हे खरं. तिथूनच ती सवय आली. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गोष्ट उलटी आहे. गाडी गिअरमध्ये आहे, पाय पेडलवरून काढलेला आहे आणि चाकं इंजिनाला फिरवत आहेत, हे संगणकाला कळलं की तो पेट्रोलचा फवारा पूर्ण बंद करतो. खप शून्य. फेरे अगदी कमी झाले की फवारा पुन्हा सुरू होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे घाटात न्यूट्रल करणारा माणूस पेट्रोल जाळतो, इंजिनाचा ब्रेक गमावतो आणि सगळा भार पायाच्या ब्रेकवर टाकतो. ब्रेक तापले की पकड सुटते. इंजिनच बंद करून उतरणारेही आहेत. त्यांच्या ब्रेकची मदत दोन-चार दाबांत संपते आणि स्टिअरिंग जड होतं.

भाचा: हे मला माहीत नव्हतं.

मामा: मलेही पेट्रोलचं मालूम नव्हतं. मले फक्त ब्रेक मालूम होता.

घाट उतरून झाल्यावर वाद समृद्धीवर गेला. भाचा मागच्या दिवाळीत मेहकरहून समृद्धी महामार्गावर चढला होता आणि मुंबईच्या बाजूला इकोत गेला होता. ताशी १२० नं, म्हणजे कायद्यानं परवानगी आहे तितक्याच वेगानं. तरी मायलेज रोजच्या नांदुऱ्याच्या अप-डाऊनपेक्षा कमी पडलं, आणि त्याला ते अजून पटलेलं नव्हतं.

भाचा: ना सिग्नल, ना खड्डा, ना ट्रॅक्टर. टॉप गिअर, एकसारखा वेग, वर इको. मायलेज वाढायला पाहिजे होतं.

मामा: आमच्या बसले स्पीड लॉक होतं. पोरं शिव्या देत. पन केपीटीएल कवा येत होता? लॉकमंधी चालली तवाच.

मामांनी अनुभवानं सांगितलं ते गणितानं असं येतं. गाडीला अडवणाऱ्या हवेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ८० वरून १२० वर गेलात, तर वेग दीडपट होतो आणि हवेचा विरोध सव्वादोनपट. तेवढाच रस्ता कापायला हवेशी सव्वादोनपट झगडावं लागतं, आणि या झगड्यात इको मोडला काही करता येत नाही. पेडल स्थिर आहे, गिअर वरचाच आहे. मऊ करायला त्याच्याकडे काही उरतच नाही. समृद्धीवर ९०–१०० नं डाव्या बाजूच्या लेननं जाणारा माणूस बटण न दाबताही १२० च्या इकोवाल्याला मागे टाकतो, अर्थात पंपावर. छतावर कॅरिअर आणि त्यावर ताडपत्री बांधलेलं सामान असेल तर फरक आणखी वाढतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं सांगणं आहे की झटके देत, वेग वाढवत-कमी करत चालवण्यानं महामार्गावर मायलेज १५ ते ३० टक्क्यांनी आणि थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत १० ते ४० टक्क्यांनी घटतं. एवढी मोठी रक्कम बटणाच्या हातात नसते. पायाच्या हातात असते.

हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांचं प्रकरण वेगळं आहे, ते इथं ओझरतंच सांगतो. ग्रँड विटारा किंवा हायरायडरसारख्या, २०२२ मध्ये आलेल्या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांत इंजिन कधी बंद करून मोटरवर चालायचं याचा निर्णय असतो, त्यामुळे तिथं मोडला खरोखर काम असतं. विजेच्या गाडीत इको ताकदीवर मर्यादा घालतो, आणि एका चार्जमध्ये जास्त अंतर जाता येतं. भाच्याच्या साध्या पेट्रोल एएमटीला यातलं काही लागू नाही.

शेवटी भाच्यानं हुकमी पत्ता काढला. त्यानं डॅशबोर्डवरचा आकडा दाखवला. इकोत चालवल्यापासूनचं सरासरी मायलेज आणि टाकीत अजून किती किलोमीटरचं पेट्रोल आहे, दोन्ही.

मामा: भेंडवळची मांडनी वर्सातून एकदा भाकीत सांगते. तुझी गाडी तं घडीघडीले सांगून राहिली.

भाचा: मग खरं कसं कळणार?

मामा: टाकी फुल कर. मीटर लिहून ठेव. पुन्हा त्याच पंपावर, नोझल आपोआप थांबे तवरक फुल कर. किलोमीटर भागिले लिटर. मंग सांग मले.

भाच्याला हे पटलं, आणि मलाही. गाडीचा आकडा अंदाजावर काढलेला असतो, आणि बऱ्याचदा जरा उदार असतो. पंपाचा आकडा पैसे मोजून आलेला असतो.

माझा निकाल सांगतो. मामांना इको मोडचा उपयोग नाही. त्यांच्या पायात तो आधीच आहे. भाच्याला आहे, नांदुऱ्याच्या रोजच्या फेरीत त्यानं तो लावूनच ठेवावा. मात्र ओव्हरटेकला आणि चढाच्या घाटात काढावा, मे महिन्यात एसीसाठी काढला तर लाज बाळगू नये, आणि समृद्धीवर त्याच्याऐवजी वेगाकडे बघावं. वाचकांना एक विनंती आहे. दोन टाक्या इकोत आणि दोन टाक्या इकोशिवाय, त्याच रस्त्यावर, त्याच पंपावर भरून वहीत मांडा. फरक लिटरला अर्ध्या किलोमीटरहून कमी आला, तर बटणाचा नाद सोडा आणि आधी टायरमधली हवा तपासून घ्या.